पुरेशा

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

“मॅडम, नेमक्या किती रेषा जुळल्या की हो म्हणायचं?”

“पुरेशा,” मी म्हणाले. मायक्रोस्कोपच्या आयपीसवरून डोळाही उचलला नाही.

हाताखालच्या पोरीने ते वहीत लिहून घेतलं, बिचारीने. कुर्ल्याला पूल चढताना, गाडीत चौथ्या सीटवर अर्धं टेकून बसताना, कुकर लावताना तो शब्द मागे लागलाय. मीठ किती घालू विचारलं की आई म्हणायची, “लागेल तेवढं.” तेव्हा किती राग यायचा मला.

बरं, शब्द माझा नाहीच. आमचा धंदा म्हणजे गोळी कोणत्या हत्यारातून सुटली ते खुणांवरून सांगायचं, आणि त्याच्या नियमातच ‘पुरेशी जुळणी’ असं लिहिलंय. पुरेशी म्हणजे काय? तर वेगळ्या हत्यारांच्या खुणांत आजवर दिसलेल्या सर्वांत चांगल्या जुळणीपेक्षा जास्त. आणि ती कोणी पाहिलेली? ज्याने त्याने, आपापल्या डोळ्यांनी.

एरवी आम्ही केवढं मोजतो! पार्सल आलं की लाखेचं सील पत्रावरच्या नमुन्याशी ताडायचं. गोळीचं वजन करायचं. ७.६५ मिमीची जॅकेटवाली गोळी ४.६ ग्रॅमच्या आसपास भरते. कमी भरली तर तुकडा कुठे राहिला ते शोधा. व्यास घ्यायचा, गोळी चेपली असेल तर बुडाशी. मग लँड, म्हणजे नळीतल्या खाचांमधल्या उंचवट्यांच्या खुणा, किती, पीळ डावा की उजवा, रुंदी किती. कोल्टचा पीळ डावा आणि खाचा सहा, स्मिथ अँड वेसनचा उजवा आणि पाच. इथेच फरक निघाला तर विषय संपला, मायक्रोस्कोप उघडायचंही कारण नाही. इथपर्यंत कोणी काही विचारावं, माझ्याकडे आकडा तयार.

त्यापुढे मायक्रोस्कोप. डावीकडे पुरावा, उजवीकडे चाचणीचा नमुना, म्हणजे संशयित हत्यारातून आम्हीच झाडलेली गोळी, मध्ये केसाएवढी रेघ. दोन्हीकडे भिंगाची ताकद तीच, दिवा तिरका आणि त्याच कोनात. दिवा दहा अंश हलला तर जुळलेलं उसवतं, आणि वाईट म्हणजे न जुळणारं जुळल्यासारखं दिसतं. गोळी एकेक लँड करून फिरवत न्यायची. सहा लँड असले तर सहा सुरुवाती करून पाहायच्या. मान आखडते ती इथे.

आकडा नाही असंही नाही. बियासोटी नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने १९५९ मध्ये .३८च्या रिव्हॉल्व्हरांवर मोजदाद केली, तर वेगवेगळ्या हत्यारांच्या गोळ्यांवरही १५ ते २० टक्के रेषा जुळत होत्या. म्हणजे एकूण जुळलेल्या मोजून उपयोग नाही, सलग किती ते बघायला हवं. पुढे १९९७ मध्ये त्याने आणि मर्डॉकने निकष दिला: खोली असलेल्या खुणांत सलग सहाचा एक गट किंवा तीन-तीनचे दोन; सपाट खुणांत सलग आठचा एक किंवा पाच-पाचचे दोन. तोही आधी ‘सबक्लास’ बाजूला काढल्यावर. कारखान्यात एकाच कटरने लागोपाठ कापलेल्या भागांवर त्या कटरचीच रेघ उतरते; ती सुंदर जुळते आणि साफ फसवते.

मग हे सगळं तिला का नाही सांगितलं? सांगायला पाच मिनिटं लागली असती. पण समोर होती गावठी कट्ट्याची .३१५ची पुंगळी, बार उडाल्यावर उरलेलं काडतुसाचं रिकामं कवच. कट्ट्याची नळी म्हणजे पाइप, आत पीळ नाही, गोळी डुलत डुलत बाहेर पडते. तिच्या अंगावर ओरखडे असतात, पण एकाच कट्ट्यातून झाडलेल्या दोन गोळ्या एकमेकींशीच पटत नाहीत. तेव्हा भिस्त पुंगळीवर. ब्रीच म्हणजे काडतुसाचं बूड जिथे टेकतं तो नळीमागचा भाग; पोरगी मोजत होती त्या रेषा, ब्रीचवर कोणीतरी मारलेल्या कानशीच्या. धडक्यासरशी प्रायमरवर, म्हणजे बुडातल्या पेटत्या टिकलीवर, दाबून उमटलेल्या, घासून नाही. सहाचा-आठचा निकष घासल्या गेलेल्या रेषांचा. इथे तो लागूच होत नाही. तिचा प्रश्न आजच्या पुंगळीला चुकीचा होता, आणि माझं उत्तर…

बरोबर होतं, असं लिहिणार होते. पण मी तेव्हा एवढा विचार केला नव्हता. मला फक्त व्यत्यय नको होता. हे खुपतंय. दिवसभर वाकून बसायचं, डोळ्यांत दर दोन महिन्यांनी नवे थेंब, घरी कोणाला धड सांगता येत नाही की आज काय केलं, आणि शेवटी हाताला काय, तर एक विशेषण. साहेबांना मे महिन्यातच सांगायला हवं होतं. असो, तो विषय नको.

कट्ट्याची आणखी एक खोड. प्रायमरवर आदळणारी पिन म्हणजे बहुतेक वेळा घासलेला खिळा किंवा सळई. हाताने घासलेली, म्हणून ठसा अगदी तिचा तिचा; पण लोखंड मऊ, चार बार काढले की टोक बसतं. पहिल्या चाचणीचा ठसा आणि चौथीचा ठसा भावंडांसारखे दिसतात, एकच माणूस वाटत नाहीत. म्हणून चाचण्या कमीत कमी, कट्टा स्टँडला बांधून, चापाला दोरी, आपण आडोशामागे. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, ढगळ असलं तर पुंगळी फुगते किंवा फाटते, मग पुढून सळई घालून ठोकून काढा. बाहेर आली की तिथल्या तिथे क्रमांक, तोंडाजवळ कडेला; बुडावर कधीच नाही. आणि आधी चाचणीशी चाचणी ताडायची. तीच जुळली नाही तर पुराव्याला हात लावायचा नाही.

परवाचं खाडीतलं पिस्तूल आठवलं की अजून डोकं फिरतं. लख्ख पुसून, तेल पाजून पाठवलेलं! अरे बाबा, ज्या पाण्यातून काढलं त्याच पाण्यात बरणीत बुडवून आणा. हवा लागली की नळी तासांत गंजते, आणि ब्रश मारला की राहिलेलंही जातं. तिथे मात्र मी निवांत ‘निष्कर्ष काढता येत नाही’ लिहिलं. ते लिहिताना पुरेसं-अपुरेसं असं काही मनात आलं नाही.

अहवाल नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली मला न बोलावता तसाच वाचला जातो, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं २९३. पण बचावाच्या वकिलांनी अर्ज दिला आणि कोर्टाला पटलं की जावं लागतं. आजवर कोणी विचारलं नाही, किती रेषा. विचारतात सील कोणी तोडलं, पाकिटावर तारीख का खोडली. २०२३ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र नेमकं इथेच बोट ठेवलं: तज्ज्ञाने ‘याच पिस्तुलातून’ असं बिनशर्त सांगायला नको होतं; खुणा सुसंगत आहेत की विसंगत, एवढंच. वाचलं तेव्हा हसले होते, अमेरिकेत वेळ बराच आहे म्हणून. आज चोवीस वर्षांच्या पोरीने वहीत एक शब्द लिहिला आणि हसू गेलं.

तरी एक आहे. आईच्या आमटीत मीठ कधी चुकलं नाही. हा काही पुरावा नव्हे, कोर्टात तर अजिबात नाही. चुकलं असेल आणि आम्ही मुकाट खाल्लं असेल, असंही असू शकतं.

उद्या शब्दांनी समजावत बसणार नाही. संदर्भाच्या कपाटात दोन वेगळ्या कट्ट्यांच्या चाचणी पुंगळ्या आहेत, दोघांच्या ब्रीचवर कानशीचे आडवे घाव, दिव्याच्या एका कोनात जुळ्या दिसतात. ती एक जोडी, आणि एकाच कट्ट्याची पहिली-चौथी ही दुसरी. चार तास तिचे. दिवा तिनेच लावायचा, तिनेच हलवायचा. कोणती जोडी कुठली हे चिठ्ठीवर लिहून पाकीट आधीच बंद करायला हवं, नाहीतर दुपारपर्यंत मीच घोटाळा करेन.