एचिंगमध्ये डीएनएचा पीळ उलटा येतो

माणसाचं धड, घुबडाचं डोकं, बरगड्यांच्या जागी डीएनएचा पीळ: असली एचिंग्ज (धातूच्या पत्र्यात रसायनाने रेषा खोदून, शाई भरून काढलेले छापे) हल्ली बरीच दिसतात. यात माणूस नि प्राणी उलटे झाले तरी खपतं, विज्ञान मात्र लगेच उघडं पडतं. प्लेटवरचं (पत्र्यावरचं) चित्र कागदावर आरशासारखं उमटतं. घुबड कुठल्या बाजूला बघतंय याने बिघडत नाही, पण डीएनएचा नेहमीचा उजवा पीळ प्लेटवर तसाच काढला की छाप्यात डावा होतो. हृदयाचं टोक उजवीकडे जातं. साधा शंख चक्क दक्षिणावर्ती होऊन बसतो! रेम्ब्रांटच्या १६५० च्या शिंपल्याच्या एचिंगमध्ये सही सुलट आहे, शिंपल्याचा पीळ उलटा.

म्हणून चित्र आधी ट्रेसिंग पेपरवर सुलट काढा, मग तो पालथा घालून, खाली गेरू चोळलेला पातळ कागद ठेवून, ग्राउंडवर, म्हणजे सुईने कोरायच्या पत्र्यावरच्या संरक्षक मेणाच्या थरावर, उतरवा. आकडे-अक्षरांचंही तेच.

तांब्याचा पत्रा खडूची पूड आणि थोड्या अमोनियाने घासा. धुतल्यावर पाणी सलग पसरलं पाहिजे. थेंब फुटले तर तेलकटपणा राहिलाय. तिथे ग्राउंड सुटतं, फेरिक (तांबं खोदणारं फेरिक क्लोराइडचं द्रावण) आत शिरतं आणि काळे ठिपके पडतात. पिसांत ते लपतात, आकृतीभोवतीच्या कोऱ्या जागेत अजिबात नाही.

फेरिक ४० ते ४२ बॉमेचं (बॉमे हे द्रावणाच्या घनतेचं माप) घ्या आणि प्लेट उभी किंवा पालथी ठेवा, नाहीतर गाळ रेषांत बसून खोदणं अडतं. ताज्या द्रावणात, साधारण २५ अंशांना, १० मिनिटांनी प्लेट काढून, धुऊन, वाळवून वैज्ञानिक आकृतीवर व्हार्निश लावा, म्हणजे तिथलं खोदणं थांबतं. आणखी १५ मिनिटांनी माणसाची बाह्यरेषा झाका. पिसं आणि डोळा त्यापुढे अर्धा तास चालतात. थंडीत वेळ वाढतो. आधी तुकड्यावर बघा.

पिसांच्या रेषा अर्ध्या मिलिमीटरहून जवळ नकोत. मधली भिंत विरघळून उथळ खड्डा होतो, पुसताना शाई निघून जाते आणि दाट काळ्याऐवजी मळका करडा पट्टा उरतो. तिथे ॲक्वाटिंटच (राळेच्या कणांमधून खोदून सलग टोन मिळवण्याची पद्धत) हवं. राळेची पूड साधारण निम्मा पत्रा झाकेल इतकीच पाडा (मास्क लावून), खालून उष्णता द्या, कण पारदर्शक झाले की थांबा. जास्त तापलं तर राळ एकजीव होते आणि टोनच येत नाही.

आणि जस्ताचा पत्रा फेरिकमध्ये घालू नका: तो तापतो, हायड्रोजन सुटतो, ग्राउंड उखडतं.