म्हातारपणी आमचं कोण करणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'मूल नको म्हणता, मग म्हातारपणी तुमचं कोण करणार?' हा प्रश्न मला ठाण्यात, पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, आणि बँकेत ठेव ठेवताना नॉमिनीच्या रकान्याशी आल्यावर काउंटरपलीकडच्या बाईंनीही विचारलाय. लग्नानंतर सुरुवातीला प्रश्न वेगळे असायचे. 'गोड बातमी कधी?', 'पेढे कधी देताय?', मग आवाज खाली आणून 'डॉक्टरांना दाखवलंत का?', आणि त्याहून हळू, 'दोष कुणात आहे?' चाळिशी उलटल्यावर ते थांबले. हा एक राहिला. बाकीच्या प्रश्नांचा मला राग यायचा, याचा येत नाही, कारण विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बऱ्याचदा खरी काळजी असते.

आधी एवढं स्पष्ट करते की आमच्यात वैद्यकीय अडचण कुठलीच नव्हती. लग्न ठरण्याआधीच आम्ही या विषयावर बोललो होतो. दोघांनाही आई-बाप व्हावंसं वाटत नव्हतं, आणि पुढेही कधी वाटलं नाही. मुलं आवडत नाहीत असं नाही. भाची मे महिन्यात राहायला येते तेव्हा घर तिचंच असतं. पण एक माणूस जन्माला घालून वीस-पंचवीस वर्षं त्याला वाढवणं हे काम मनापासून हवंसं वाटलं तरच करावं, असं आम्हाला वाटतं. म्हणूनच 'मग दत्तक घ्या' या सल्ल्याचाही आम्हाला उपयोग नव्हता. ज्यांना मूल हवं असूनही झालं नाही, त्यांना हेच प्रश्न आमच्याहून कितीतरी जास्त लागतात, आणि समोरचं जोडपं यातलं कुठलं हे विचारणाऱ्याला माहीतही नसतं.

'हे आजकालचं खूळ आहे' असंही ऐकते. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी ठरवून मूल होऊ दिलं नाही आणि शस्त्रक्रिया कर्व्यांनी स्वतःवर करून घेतली. या विचारांपायी त्यांची विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली. तरी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ साली वारेपर्यंत चालवलं. मराठी माणसाच्या घरात हा विचार तेव्हाच येऊन गेलेला आहे.

माझ्या नवऱ्यानेही नसबंदीची तयारी दाखवली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, 'मुलं किती?' नाहीत म्हटल्यावर त्यांनी फाइल मिटली. नंतर कळलं की सरकारी निकषांतच तसं आहे. नसबंदीसाठी जोडप्याला निदान एक मूल हवं आणि तेही एक वर्षाहून मोठं. म्हणजे मूल झाल्यावर थांबायचा निर्णय घेणारा माणूस शहाणा, आणि आधीच घेणाऱ्याला म्हणे अजून कळायचं आहे. मग शेवटी तांबी मीच बसवून घेतली. देशात एरवीही हेच चालतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुषांचं प्रमाण ०.३ टक्के. मूल होण्याची जबाबदारी बाईची, न होण्याचीही तिचीच, आणि लोकांना उत्तरं देण्याचीही तिचीच. नवऱ्याला ऑफिसात एखादा मित्र 'काय मग, प्लॅनिंग काय?' विचारतो आणि त्याने हसून मान हलवली की विषय संपतो.

बाईचा विषय कसा संपत नाही ते एका डोहाळजेवणात मी पाहिलं. मावसनणंदेचं होतं, नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये. फुलांची वाडी भरलेली, पंचपक्वान्नांचं ताट, सगळं मनासारखं. ओटी भरायची वेळ झाली तशी एक आजी म्हणाल्या, 'आधी लेकुरवाळ्यांनी या.' बायका पुढे झाल्या. मी आपली रांगेत उभी. तेवढ्यात नात्यातल्या एक काकू माझा दंड धरून अगदी मायेने म्हणाल्या, 'तू जरा आतली ताटं बघतेस का गं?' त्या वाईट नाहीत. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात याच काकू रोज डबा पाठवायच्या. त्यांना फक्त माझा हात त्या नारळाला लागू द्यायचा नव्हता. नणंदेने ते पाहिलं आणि झोपाळ्यावरूनच हाक मारली, 'वहिनी, ये ना. तू भरल्याशिवाय मी उठत नाही.' मी ओटी भरली. पण आत ताटं बघायला पाठवलेल्या, आणि हाक मारणारी नणंद नसलेल्या किती बायका ठाण्यातल्या किती हॉलांत असतील, हे माझ्या मनातून जात नाही.

सासूबाईंचंही सांगायला हवं. त्यांना नातवंड जवळ हवं होतं. मोठ्या दिरांचा मुलगा कॅनडात वाढतोय, तो त्यांना फोनच्या पडद्यावरच जास्त माहीत आहे. भजनी मंडळात त्यांना आमच्याबद्दल विचारलं की त्या गप्प बसतात, हे मला ठाऊक आहे. त्यांचं दुःख खरं आहे. आमच्या निर्णयाची किंमत त्यांनीही मोजली, आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. म्हातारपणी कोण करतं ते मला तेव्हा जवळून दिसलं. ऑपरेशननंतर त्या कित्येक महिने अंथरुणाला होत्या. दिवसा कळव्याहून एक मावशी यायच्या. भांडं देणं, अंग पुसणं, कूस बदलून देणं, सगळं त्या करायच्या. रात्री मी, आड दिवशी नवरा. औषधं संपली की तळमजल्यावरचे काका गोखले रोडवर जाऊन आणायचे. दिरांनी पैसे पाठवले, थोडे दिवस येऊन राहिले, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला. त्यांनी मनापासून केलं, अंतरापुढे त्यांचा इलाज नव्हता. पण म्हातारपणी 'मुलगा बघतो' असं आपण म्हणतो तेव्हा ते बघणं कोणाच्या हातांनी होतं ते पाहा. जास्त करून एक परक्या घरची सून आणि एक पगारी बाई. त्या मावशींच्या स्वतःच्या आईचं गावी त्यांची भावजय करते. आमच्या सोसायटीत सकाळी बाकावर बसणारे बहुतेक आजी-आजोबा दोन-दोन मुलांचे आई-बाप आहेत. मुलं बंगळुरूला, न्यू जर्सीला, काही घोडबंदर रोडला. तिथूनही संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून इथे पोचायला तास मोडतो. मुलं वाईट निघाली म्हणून हे असं झालेलं नाही. ती आपापल्या कामाच्या मागे गेली, आणि त्यांनी जावं म्हणूनच या आई-बापांनी त्यांना शिकवलं.

यावर तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. 'तुम्ही करताच ना सासूबाईंचं? तसं तुमचं करायला कोणीतरी नको?' हवं. माणूस लागतंच, याबद्दल माझा वादच नाही. पण मी आईंचं करते ते इतक्या वर्षांच्या सहवासाने करते. आपलं करायला कोणी हवं म्हणून एक जीव जन्माला घालायचा, आणि त्याला डोळे उघडायच्या आधीच कामाला लावायचं, हे मला पटत नाही. आम्हाला स्वार्थी म्हणणाऱ्यांनी यावर खरंच विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि मूल झालं म्हणजे सोय झाली असं असतं तर २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला नसता. मुलं सांभाळत नसतील तर आई-वडिलांना न्यायाधिकरणाकडे जाऊन निर्वाह मागता येतो. घर मुलाच्या नावावर करताना सांभाळायची अट घातली असेल आणि त्याने ती पाळली नाही, तर ते हस्तांतर रद्दही होऊ शकतं. याच कायद्यात मूल नसलेल्या ज्येष्ठांचाही विचार आहे. त्यांची मालमत्ता ज्या नातेवाइकाच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती वारसाने मिळणार आहे, त्याने त्यांचा निर्वाह करायचा.

आम्ही काय केलंय ते सांगते, कारण याची गरज मूल असलेल्यांनाही आहे. दोघांनी मृत्युपत्रं केली. मूल नसलेल्या हिंदू जोडप्याने ती केली नाहीत तर काय होतं हे फार थोड्यांना माहीत असतं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या वाट्याच्या घरात बायकोइतकाच हक्क त्याच्या आईचा असतो. पुढे ती विधवाही मृत्युपत्राशिवाय गेली तर तिने स्वतः कमावलेलंसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या आई-वडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. बँकेतला किंवा सोसायटीतला नॉमिनी हा मालक नसतो, हेही आम्हाला तेव्हाच नीट कळलं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण आम्ही केली. मग लिव्हिंग विल. बरं होण्याची आशा नसताना आपल्याला यंत्रांवर ठेवायचं की नाही हे आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. वैद्यकीय विमा आहे, आणि मदतनीस ठेवण्यासाठी दरमहा वेगळी रक्कम बाजूला पडते, कारण घरी राहून सेवा करणाऱ्या माणसाचा पगार हाच उतारवयातला मोठा खर्च आहे हे सासूबाईंच्या वेळी आम्ही पाहिलंय.

माणसांचं कागदावर होत नाही. त्यासाठी चरईतली माझी एक मैत्रीण, ती एकटीच राहते, आणि वर्तकनगरचं एक जोडपं, त्यांचा मुलगा जर्मनीत आहे, असे आम्ही पाच जण बोलून बसलोय. प्रत्येकाची औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर आणि घराची एक किल्ली दुसऱ्याकडे असते. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'नातेवाईक' म्हणून कोणी सही करायची तेही ठरलंय. भाचीला मृत्युपत्रात वाटा ठेवलाय, पण मृत्युपत्र अमलात आणणारी व्यवस्थापक म्हणून नाव मैत्रिणीचं घातलंय. भाचीला मी सांगितलंय की या वाट्याच्या बदल्यात आमचं काही करायचं तुझ्यावर बंधन नाही. ती म्हणाली, 'मामी, ते मी ठरवेन.'

एक प्रश्न आमच्याकडेही सुटलेला नाही. आम्हा दोघांपैकी एक जण मागे राहील, आणि पाचांतलेही एकेक जण कमी होत जातील. मग शेवटच्याचं काय? पुढच्या बैठकीत याच विषयावर बोलायचं आम्ही ठरवलंय, आणि आमच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान असं एखादं जोडपं किंवा एकटं माणूस सोबत घ्यायचं मनात आहे. तुमच्या ओळखीत ठाण्यात कोणी असेल तर कळवा.