वाट चुकते ती उतरताना

गोव्यातलं सगळं रान सदाहरित नाही. मोले, नेत्रावळी, सत्तरी इथला पुष्कळ भाग पानगळीचा आणि निमसदाहरित आहे, तिथं एप्रिलमध्ये झाडांतून लांबवर दिसतं. दाट सदाहरित रान उरलंय ते घाटाच्या घळींत आणि व्हाळांच्या (ओढ्यांच्या) काठानं. पट्टा लहान, पण हरवायला तेवढा पुरतो. आत वीस-पंचवीस मीटरपलीकडचं दिसत नाही आणि ढगाळ दिवशी सूर्य कुठं आहे तेही कळत नाही. शेवाळ झाडाच्या उत्तर बाजूला असतं, हा शाळेतला धडा इथं बाद. चारही बाजूंनी हिरवंच असतं.

चढताना वाट सहसा चुकत नाही. डोंगराच्या सोंडा वर जाऊन धारेला मिळतात, म्हणून वाटाही एकमेकींत मिसळत जातात. कुठूनही वर जा, पोचता एकाच खिंडीत. उतरताना हेच उलटं होतं. एका सोंडेच्या दोन होतात, दोनांच्या चार, आणि माथ्यावर दहा पावलं डावीकडे सरकलेला माणूस खाली भलत्याच दरीत निघतो. त्यात पाय दमलेले असतात, घाई असते, आणि सकाळी पाहिलेली झाडं मागून वेगळीच दिसतात. यावर उपाय अगदी साधा आहे: चढताना प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागं वळायचं आणि परतीच्या बाजूचा फोटो काढायचा. फोटोवर वेळही नोंदली जाते, त्यावरून दोन फाट्यांमधलं अंतर किती मिनिटांचं ते कळतं.

दुसरी फसगत गव्यांच्या वाटेची. ती रुंद, तुडवलेली आणि माणसाच्या वाटेपेक्षा चांगली दिसते. जाते मात्र पाण्यावर नाहीतर कळकाच्या बेटात, आणि तिथंच विरते. ओळखायचं फांद्यांवरून. माणसाच्या वाटेवर कोयत्याचे तिरके, स्वच्छ घाव दिसतात. गव्याच्या वाटेवर फांद्या मोडलेल्या, पिळवटलेल्या असतात आणि खाली खूर व शेण असतं. छाताडाच्या उंचीवर फांद्या आडव्या येऊ लागल्या आणि खालून मात्र बोगदा मोकळा असला, तर ती रानडुकरांची वाट. तिथून लगेच मागं फिरावं.

जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळी माथ्यावर, तिसराच प्रकार. कातळावर पायवाट उमटत नाही, आणि पावसात धुकं उतरलं की सड्याच्या सगळ्या कडा सारख्याच दिसतात. सड्यावर पाय ठेवता त्याच जागी तीन दगड एकावर एक रचा आणि होकायंत्रावर पुढची दिशा पाहून कागदावर लिहा. गोव्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात जेमतेम अंशाचा फरक आहे, त्यामुळे गणित करत बसायला नको. परतताना दगड मोडून टाका, पुढच्याला चकवू नका.

वाट गेलीय असं वाटलं की बसा. दहा मिनिटं, पाणी पीत. शेवटची खात्रीची जागा किती मिनिटांपूर्वीची हे आठवा. वीस मिनिटांच्या आत असेल तर आपल्याच पावलांनी मागं जा. पाचोळ्यात पावलं दिसत नसतील तर झाडाला भडक रंगाची चिंधी बांधा, एका दिशेला पन्नास पावलं जाऊन चिंधीपाशी परत या, मग दुसऱ्या दिशेला. दर दहा पावलांवर मागची चिंधी दिसते का ते पाहायचं. दिसेनाशी होण्याआधी दुसरी बांधायची. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच लोक ते करत नाहीत आणि अंदाजानं चालत सुटतात.

‘व्हाळ धरून खाली उतरा, गाव लागेल’ हा सल्ला सपाट मुलखात ठीक. इथं पाणी घाटावरून कोकणात उड्या मारत येतं. दूधसागर एकटाच सुमारे 310 मीटरचा आहे. शेवाळलेल्या धोंड्यावरून माणूस घसरत दोन टप्पे उतरतो, तिसऱ्याखाली धबधबा निघतो, आणि मागचे दोन टप्पे चढता येत नाहीत. शिवाय म्हादई नदीचं पाणी कर्नाटकात उगम पावतं. तिकडं पाऊस पडला तर इकडं कोरड्या आभाळाखालीही पाणी वाढतं. पाणी गढूळ झालं, त्यावर पानं-काटक्या वाहू लागल्या, की क्षणभरही न थांबता पात्राबाहेर चढायचं.

उतरायचंच असेल तर सोंडेवरून, आणि लक्ष्य लांबलचक घ्यावं: चोर्ला घाटाचा रस्ता, रेल्वेमार्ग. नेमकी गाडी ठेवलीय त्या जागेकडे चालू नका, मुद्दाम तिच्या एका बाजूला रोख धरा. रस्ता लागला की कुठं वळायचं हे मग नक्की ठाऊक असतं.

फोन विमान मोडवर ठेवा. जीपीएस तरीही चालतं, नकाशा मात्र घरीच उतरवून घेतलेला हवा. ओल्या पानांखाली जागा दहा-वीस मीटर इकडंतिकडं दाखवली जाते, म्हणून मोकळ्यात दोन मिनिटं स्थिर उभं राहून वाचा. फोन लागत नाही तिथूनही कधी एसएमएस जातो. जीपीएसवरचे अक्षांश-रेखांशाचे आकडे लिहून तो घरच्यांना पाठवा, आणि धारेवर चढून 112 लावून पाहा. शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट गप्प. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं.

डिसेंबरात सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो, झाडीखाली त्याच्या पाऊण तास आधीच अंधारतं. साडेपाचला वाट नसेल तर शोध थांबवून मुक्कामाची तयारी. दोन बाय तीन मीटरचं प्लॅस्टिक तिरकं बांधा, खाली पाचोळ्याऐवजी फांद्यांचा थर द्या. वाळक्या फांदीखाली, जनावरांच्या वाटेवर आणि पात्रात झोपू नका. भिजलेला माणूस वीस अंशांतही कुडकुडतो, म्हणून एक कोरडा सदरा पिशवीत बांधून शेवटपर्यंत राखून ठेवायचा. पाणी उकळून, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून अर्ध्या तासानं. जळू ओढू नका, नखानं बाजूला सारा. गोचीड गंभीर, तिच्या चाव्यानं होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सत्तरीत झाले आहेत, आणि त्याचा हंगाम कोरडा असतो, पावसाळी नव्हे. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला रानात गेल्याचं आधी सांगा.

अभयारण्यात वनखात्याची परवानगी घेऊनच जायचं, आणि परतल्यावर वनखात्याच्या नाक्यावर ‘आलो’ म्हणून कळवायचं. नाहीतर तुम्ही घरी जेवत असता, आणि चार माणसं बॅटऱ्या घेऊन रानात तुम्हाला हाका मारत असतात.