मागे उभा असलेला ओटिस

सकाळी भांडी घासताना मी ‘माय गर्ल’ लावते. आधी जेम्स जेमर्सनचा बेस, मग रॉबर्ट व्हाइटची गिटार, आणि मग डेव्हिड रफिनचा तो किंचित चरचरीत आवाज. पावणेतीन मिनिटांत गाणं संपतं, तेवढ्यात कुकरची एखादी शिट्टी होते.

परवा जाणवलं, टेम्प्टेशन्स या अमेरिकी गायक-ग्रुपच्या या गाण्यात त्यातला ओटिस विल्यम्स कुठे आहे ते मला अजून ओळखता येत नाही. एडी केंड्रिक्सचा तलम, उंच सूर लगेच कळतो, मेल्विन फ्रँकलिनचा खर्ज तर भांड्यांनाही कळत असावा. ओटिस आमटीतल्या हिंगासारखा, आहे पण दिसत नाही. आणि १९६१ साली डेट्रॉइटमध्ये जमलेल्या त्या पाचांपैकी आज तोच तेवढा उरलाय.

रफिन पहिल्या पाचांतला नव्हेच. तो १९६४ मध्ये एल्ब्रिज ब्रायंटच्या जागी आला आणि पुढच्याच वर्षी ‘माय गर्ल’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मग त्याला ग्रुपच्या नावाआधी स्वतःचं नाव हवं झालं. तो कार्यक्रमही चुकवू लागला. १९६८ मध्ये त्याला काढून डेनिस एडवर्ड्सला घेतलं, तर हा पठ्ठ्या प्रेक्षकांतून मंचावर चढून एडवर्ड्सच्या हातातला माइक घ्यायचा. लोक खूश! एडवर्ड्सचं काय होत असेल?

मला मात्र सगळ्यात जास्त चटका लावते ती पहिल्या पाचांतल्या पॉल विल्यम्सची गोष्ट. दारू आणि आजारपणाने तो इतका खचला, की तो पुढे नाचायचा आणि पडद्यामागून रिचर्ड स्ट्रीट त्याच्या ओळी गायचा. १९७१ मध्ये त्याने ग्रुप सोडला, दोन वर्षांनी तो गेला. केंड्रिक्सही ७१ मध्येच निघाला.

एवढी पडझड होऊनही ७२ मध्ये ‘पापा वॉज अ रोलिंग स्टोन’ आलं. अल्बममधलं ते गाणं बारा मिनिटांच्या आसपास आहे, आणि पहिली जवळजवळ चार मिनिटं कुणी तोंडच उघडत नाही. गाणाऱ्यांना एवढं ताटकळत ठेवायची छाती निर्माता नॉर्मन व्हिटफील्डचीच!

त्याच डेट्रॉइटचा फोर टॉप्स हा ग्रुप बघा. तेच चौघं चाळीसहून जास्त वर्षं एकत्र गायले, १९९७ मध्ये लॉरेन्स पेटन जाईपर्यंत. (त्यांतल्या ड्यूक फकीरचे वडील मूळचे आजच्या बांगलादेशातले. मला हे उगाचच आवडतं.) तरी माझं मन टेम्प्टेशन्सकडेच ओढ घेतं. तिथली भांडणं, रुसवे, पुन्हा येणं, सगळं एखाद्या एकत्र कुटुंबासारखं. १९८२ मध्ये रफिन आणि केंड्रिक्स परतले, तेव्हा मंचावर सात जण झाले होते. टिकलं नाही ते.

ओटिसने आता ऐंशी ओलांडली. आज मी पुन्हा ‘माय गर्ल’ लावलं, नळ बंद केला आणि फक्त मागचे सूर ऐकत राहिले. दुसऱ्या कडव्यात वाटलं, हा बघ, सापडला. तेवढ्यात कुकरने शिट्टी दिली.