पाणी उकळतं तेव्हा नेमकं काय तुटतं?

जूनपासून पाऊस थांबायचं नाव घेईना, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचा पाऊस म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. आमच्या पडवीत पीयूसी फर्स्ट इयरची, म्हणजे अकरावीची, सात-आठ पोरं बायोलॉजीला येतात, बहुतेकांची दहावी मराठी मीडियमनं झालेली आणि पीयूसीला गेल्या गेल्या एकदम सगळं इंग्लिशमधे. परवा बायोमॉलिक्युल्स, म्हणजे डीएनए, प्रोटीन असले सजीवांतले रेणू, सुरू करायच्या आधी सहज विचारलं, पाणी उकळून वाफ होते तेव्हा आत काय होतं सांगा बघू. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी पटकन म्हणाली, "टीचर, हायड्रोजन नि ऑक्सिजन वेगळे होतात." बाकीच्यांनीही माना हलवल्या.

मला तिचं उत्तर लागलं, कारण पीयूसीत असताना मीही हेच धरून चालले होते. हायड्रोजन बॉन्डची डेफिनिशन पाठ, मार्क पण पडले, पण बॉन्ड म्हणजे कुठला नि तुटतो कुठला हे कुणी समजावलंच नाही. बायोलॉजीला विचारलं तर हे केमिस्ट्रीत येईल म्हणायचे, आणि केमिस्ट्रीत ते येईपर्यंत बायोलॉजीचा पोर्शन संपलेला असायचा. 

सगळ्यांना आत घेऊन गेले. गॅसवर चहाचं आधण होतंच. त्या मुलीच्या हातात स्टीलचं ताट दिलं आणि म्हटलं पातेल्यावर जरा वर धर, चटका नको बसू देऊ. अर्ध्या मिनिटात ताट खालून धुरकट झालं, मग बारीक बारीक थेंब, मग ते एकमेकांत मिसळून जड झाले आणि ताट तिरकं केल्यावर कडेनं ओघळून टपकले. हायड्रोजन नि ऑक्सिजन सुटे झाले असते तर थंड ताटावर त्यांचं परत पाणी कसं झालं असतं? आणि खाली गॅस पेटलेला, वर हायड्रोजन निघाला असता तर भडकाच उडाला असता की. ती बराच वेळ त्या थेंबांकडं बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे पाणी पाणीच राहिलं, नुसतं लांब लांब गेलं." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

घोटाळा हायड्रोजन बॉन्ड या नावातच आहे बघा. पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजन नि दोन हायड्रोजन आहेत, ते सहसंयुज बंधानं म्हणजे कोव्हॅलंट बॉन्डनं जोडलेत. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत 6 इलेक्ट्रॉन, त्याला 8 हवेत, म्हणून दोन हायड्रोजनबरोबर भागीदारी. पण भागीदारी सारखी नाही, ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडं जास्त ओढतो, त्यामुळं त्याची बाजू जराशी निगेटिव्ह आणि हायड्रोजनची जराशी पॉझिटिव्ह होते. मग या रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडं ओढला जातो. हायड्रोजन बॉन्ड म्हणतात तो हा, दोन रेणूंच्या मधला, आणि आतल्या बंधाच्या मानानं तो साधारण वीस पट कमजोर. फुगडी घालताना मनगटं घट्ट धरतात तसा आतला बंध, आणि जत्रेत पोरानं आईचं बोट धरावं तसा हा बाहेरचा, धरला, सुटला, परत धरला. चहाच्या आधणात फक्त बोटं सुटतात.

बोट कमजोर म्हणून किरकोळ नाही हां. हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास येतो तो गॅस, त्याचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे 60 डिग्रीलाच उकळतो. पाणी मात्र 100 डिग्रीला. ते या बोटांमुळंच. घराच्या परड्यातल्या फणसाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढतं ते पण रेणूनं रेणू धरून, वर पानातनं वाफ निघून गेली की मागची साखळी ओढली जाते.

आणि एकदा हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. डीएनएच्या दोन पट्ट्या एकमेकींना हायड्रोजन बॉन्डनी धरलेल्या, पट्ट्यांवरच्या ए, टी, जी, सी या चार घटकांपैकी ए-टीच्या जोडीत दोन, जी-सीच्या जोडीत तीन. प्रत्येक पट्टी आतून मात्र कोव्हॅलंट बॉन्डनी शिवलेली. म्हणून तर पीसीआरमधे, म्हणजे लॅबमधे डीएनएच्या प्रती काढतात तेव्हा, 95 डिग्रीच्या आसपास तापवलं की पट्ट्या सुट्या होतात पण फाटत नाहीत. पेशीला रोज डीएनए उघडून वाचायचाय, तो फुगडीसारखा धरलेला असता तर उघडणार कसा? अंडं उकडताना पण प्रोटीनची घडी मोडते, अमिनो अॅसिडची माळ शाबूत राहते. दह्याचं थोडं वेगळं, तिथं उष्णतेऐवजी आम्ल काम करतं, दुधाचा पीएच (आम्लतेचं माप, अंक जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेसहाच्या वर असतो तो 4.6 च्या जवळ आला की केसीन हे दुधातलं प्रोटीन गोळा होऊन दही लागतं. दोनच अंक उतरला असं वाटतं, पण पीएचमधे दोन अंक म्हणजे आम्लता शंभर पट. ते पुढच्या तासाला घेणार आहे सविस्तर.

चहा झाला, कप घेऊन पडवीत आलो तर त्याच मुलीनं विचारलं, "टीचर, मग पाण्यातला हायड्रोजन-ऑक्सिजन खरंच कोण वेगळा करू शकत नाही काय?" समोर भाताचं शेत, रोपलावण होऊन आठवडा झालेला, पावसात हिरवंगार. मी म्हटलं, ते बघ, ते करालंय. पान सूर्यप्रकाशाच्या जोरावर पाण्याचा रेणू फोडतं, मनगटंच सोडवतं, आणि आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन त्या पाण्यातनं येतो, कार्बन डायऑक्साइडमधनं नाही. 1941 साली रूबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजन-18 घातलेलं पाणी वापरून हे दाखवलं होतं. गॅसच्या शेगडीला जमत नाही ते भाताचं पान ढगाळ उजेडातसुद्धा करतं. पोरं चहा तसाच हातात धरून शेताकडं बघत बसली.