कऱ्हाडचाच फोल्डर सापडेना

परळच्या चाळीत आमच्या कऱ्हाडकडच्या मंडळाची एक खोली आहे. त्यांच्या वर्गणीच्या पावत्यांसाठी मी छोटा प्रोग्राम लिहिलाय, गावागणिक एक फोल्डर. खजिनदार काकांचा जुना आयमॅक, माझा विंडोज लॅपटॉप आणि मंडळाच्या खोलीतलं लिनक्सचं मशीन, तिन्हीकडे तो चालायला हवा.

गणपतीच्या आधी काकांनी सगळं झिप करून दिलं. लिनक्सवर उंब्रज उघडलं, मसूर उघडलं, कऱ्हाड काही उघडेना. "अगं, समोर दिसतंय की!" काका म्हणाले. दिसत होतंच. शेवटी नावाचे बाइट, म्हणजे संगणक अक्षरं ज्या आकड्यांत साठवतो ते, छापून पाहिले. माझ्या प्रोग्राममधल्या गावांच्या यादीतला 'ऱ' ३ बाइटांचा, फोल्डरच्या नावातला ६ बाइटांचा.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं लिहिण्याच्या प्रमाण पद्धतीत, 'ऱ' एकसंध लिहिता येतो, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असाही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) नाव साठवताना अक्षराची अशी फोड करते. शोधतानाही करते, म्हणून काकांचं कधी अडलं नाही. २०१७ साली मॅकवर आलेली एपीएफएस ही नवी फाइल सिस्टिम नाव दिलं तसंच ठेवते, पण दोन्ही रूपं एकच मानते. लिनक्स एरवी नुसते बाइट जुळवतं. विंडोजलाही ही दोन वेगळी नावं वाटतात.

ऑफिसातल्या एकाने सुचवलं, फोल्डरला इंग्रजी नाव दे. मला ते मुळीच पटलं नाही. काकांनी आपल्या गावाचं नाव माझ्या कोडसाठी का बदलायचं?

आधी मी 'मशीन मॅक असेल तर' अशी अट घातली. तिचा उपयोग शून्य, कारण प्रोग्राम लिनक्सवर चालत होता आणि नाव मॅकवरून आलं होतं. मग ती काढून टाकली. आता नाव कुठूनही येवो, तुलनेपुरतं ते आधी एकसंध रूपात, म्हणजे एनएफसीत आणते. फाइल उघडताना मात्र डिस्कने दिलेलं मूळ नावच वापरते. ते बदललं की लिनक्स पुन्हा ओळख दाखवत नाही.

तरी एक उरलंच. काही कीबोर्ड 'ऱ्ह' लिहिताना 'र्' नंतर एक न दिसणारा जोडक घालतात. एनएफसी त्याला हात लावत नाही, त्यासाठी वेगळा नियम लिहिला.

काल कऱ्हाडच्या पावत्या उघडल्या. चाचणीच्या यादीत आता वऱ्हाड, कुऱ्हाड, दऱ्या आणि तऱ्हा, प्रत्येकी तीन रूपांत आहेत.