लाल औषधाच्या गावात

इटलीच्या एक सेंटच्या नाण्यावर आठ कोनांचा एक किल्ला आहे, कास्तेल देल मोन्ते. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तो देशाच्या दक्षिणेला, पूलिया प्रांतात बांधला. १९५०च्या दशकात मिलानच्या फार्मितालिया कंपनीचे संशोधक औषधी जिवाणूंच्या शोधात ठिकठिकाणची माती तपासत होते. या किल्ल्याच्या परिसरातल्या मातीत त्यांना स्ट्रेप्टोमायसिस प्युसेटियस नावाचा, लालभडक रंग तयार करणारा जिवाणू सापडला. त्या रंगातून आधी डॉनोरुबिसिन हे कॅन्सरवरचं औषध निघालं. मग त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणातून मिळालेलं डॉक्सोरुबिसिन १९६९ साली जगापुढे आलं. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला ॲड्रियामायसिन म्हणू लागले. आपल्याकडे केमोच्या वॉर्डात ज्याला 'लाल इंजेक्शन' म्हणतात, ते हेच.

मी मिलानला हृदयाच्या पेशींवर काम करते, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मुद्दाम तिकडे जाऊन आले. बारीपर्यंत रेल्वे, पुढे आंद्रियामार्गे बस. टेकडीभोवती ऑलिव्ह आणि बदामाची झाडं, चुनखडीचे पांढरे दगड आणि त्यांच्या फटींतून लाल माती. आपल्या कोकणातल्या मातीची आठवण होतेच, पण ही जांभ्याची नाही, चुनखडी झिजून झालेली. सगळे मान वर करून बुरूज बघत होते. मी बराच वेळ मातीकडेच बघत उभी होते.

या औषधाने जगभर किती संसार वाचवले असतील, याचा हिशेब लावणं अवघड आहे. मिलानच्याच राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत डॉ. जान्नी बोनादोन्ना यांनी १९७०च्या दशकात हे औषध आणखी तीन औषधांबरोबर देऊन हॉजकिन लिम्फोमावरची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या एका कॅन्सरवरची, जी उपचारपद्धती बसवली, ती आजही वापरतात. मुलांचे कॅन्सर, स्तनाचा कॅन्सर, सगळीकडे या कुळातली औषधं लागतात. म्हणून कुणी त्यांना सरसकट 'विष' म्हणालं की मला राहवत नाही.

पण हृदयाला त्यांचा त्रास होतो, हेही तितकंच खरं. डॉनोरुबिसिनमुळे हृदय निकामी होऊन माणूस दगावू शकतो, हे १९६७पर्यंत लक्षात आलं होतं. डॉक्सोरुबिसिनचंही तेच, आणि सगळा खेळ आहे तो एकूण डोसचा. २००३ साली अमेरिकेत जुन्या चाचण्यांची आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा शरीराच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्रॅमला सुमारे ५ टक्के रुग्णांचं हृदय निकामी होतं, ५५०ला २६ टक्के आणि ७००ला ४८ टक्के, असा हिशेब निघाला. स्तनाच्या कॅन्सरसाठी नेहमी देतात त्या ४ सायकलमध्ये एकूण २४० होतात.

हे घडतं कसं, ते लॅबमध्ये डोळ्यांनी दिसतं. आम्ही माणसाच्या रक्तपेशींपासून मूळपेशी करतो आणि त्यांच्यापासून हृदयाच्या स्नायूपेशी. आठ-दहा दिवसांत प्लेटमध्ये त्या आपोआप धडधडू लागतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हात धरून ओढत आणलं होतं. त्यांत डॉक्सोरुबिसिन घातलं की वेगळा रंग द्यावा लागत नाही. निळा प्रकाश टाकला की औषध स्वतःच नारिंगी-लाल चमकतं. हळूहळू ती चमक पेशीच्या केंद्रकात जाऊन बसते. पुढे ठोक्यांची लय बिघडते, स्नायूच्या आखीव पट्ट्या विस्कटतात.

केंद्रकात डीएनएचा पीळ सोडवणारं टोपोआयसोमरेज-२ नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते डीएनए कापतं, पीळ सोडवतं आणि पुन्हा जोडतं. हे औषध त्याला कापल्यानंतर, जोडायच्या आधीच अडकवून ठेवतं. झपाट्याने वाढणाऱ्या कॅन्सरपेशीत त्याचा अल्फा प्रकार भरपूर असतो, तर हृदयाच्या पेशीत बीटा. ह्यूस्टनमध्ये डॉ. एडवर्ड ये यांच्या गटाने २०१२ साली दाखवून दिलं की उंदरांच्या हृदयपेशींतून बीटाचा जनुक काढून टाकला तर हृदय बचावतं. शिवाय हृदयाच्या पेशी फार कमी बदलतात, पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का आणि पुढे त्याहूनही कमी. गेलेली पेशी सहजी भरून येत नाही.

मिलानमध्येच, युरोपियन ऑन्कॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये, डॉ. दानिएला कार्दिनाले यांनी या प्रश्नाला वाहून घेतलं आहे. त्यांनी या औषधांच्या २६२५ रुग्णांचे इको वर्षानुवर्षं काढले आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. साधारण ९ टक्के रुग्णांचं पंपिंग घसरलं, आणि त्यातलं ९८ टक्के नुकसान केमो संपल्यावरच्या पहिल्या वर्षातच दिसलं. लगेच हृदयाची औषधं सुरू केल्यावर यातले ८२ टक्के सुधारले, पण पंपिंग पूर्ववत झालं ते फक्त ११ टक्क्यांचं. त्याआधीचा, २०१०चा त्यांचा अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. ज्यांचे हृदयाचे उपचार केमोनंतर २ महिन्यांत सुरू झाले, त्यांच्यातल्या ६४ टक्के जणांचं पंपिंग पूर्ववत झालं. ६ महिने उलटून गेलेल्यांत असं पूर्ण बरं झालेलं कुणीच नव्हतं. सगळा फरक वेळेचा. आणि या काळात बऱ्याचदा माणसाला धाप लागत नाही, पाय सुजत नाहीत, काहीच जाणवत नाही. मग टूडी इको काढला तरच कळतं.

म्हणूनच मिरजेहून मावशीचा फोन आला, तेव्हा मी हट्टाला पेटले. तिची केमो नुकतीच संपली होती.

"अगं, सुरुवातीला एकदा काढलाय इको. आता संपलं की सगळं, परत कशाला पैसे घालवायचे?"

"मावशी, आताच तर काढायचा. आणि फाइलीत लाल औषधाचा एकूण डोस बघ बरं किती लिहिलाय."

पानं उलटल्याचा आवाज आला. काकांचा चष्मा शोधून झाला. डोस लिहिलेलाच नव्हता. प्रत्येक सायकलचे कागद वेगवेगळे, कुठे मिलिग्रॅम, कुठे नुसती टिकमार्क. मग बेरीज त्यांच्या डॉक्टरांकडूनच करून घेतली, २४०, आणि फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली. पुढे कधी कॅन्सर उलटला, तर नव्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हाच आकडा लागेल.

कोलेस्टेरॉलच्या गोळीने केमोत हृदय वाचतं का, हेही मावशीने विचारलं, कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. बातमी खोटी नाही. बोस्टनच्या डॉ. टॉमस नीलन यांच्या गटाने लिम्फोमाच्या ३०० रुग्णांवर चाचणी केली. २०२३ साली निकाल आला. औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवर पंपिंग लक्षणीय घसरलेले २२ टक्के, तर ॲटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीवर ९ टक्के. पण मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीत असा फरक दिसला नव्हता. म्हणून तिला सांगितलं, काकांच्या डब्यातली गोळी घेऊ नकोस, डॉक्टरांना विचार. पुढच्या इकोची तारीख तिने त्याच दिवशी घेतली.